नव्या शेगडीचा पहिला चहा

"लाइटर खाली ठेवा!" नीला दारातूनच किंचाळली. "आधी खाली ठेवा म्हणते ना!"

मोरेश्वर दचकले आणि त्यांनी लाइटर ओट्यावर ठेवला. कॅम्परभर, चाकांवरच्या त्या छोट्याशा घरभर, गॅसचा वास कोंदला होता. नीलाने बाहेर धावत जाऊन सिलिंडर बंद केला आणि परत येऊन सगळ्या खिडक्या उघडल्या.

"अगं, झालं काय? चहाच टाकत होतो, नव्या शेगडीवरचा पहिला."

"वास येत नाहीये तुम्हाला?"

"कसला?"



ईडन प्रेरीतल्या घरापासून दोन तासांवरच्या तळ्याकाठी त्यांचा हा नववा उन्हाळा. मे ते सप्टेंबर इथेच मुक्काम. मोरेश्वर पंपांच्या कारखान्यातून रिटायर झालेले इंजिनियर, त्यामुळे दरवर्षी कॅम्परमध्ये एक तरी सुधारणा झालीच पाहिजे. कधी फळ्या, कधी दारापुढचा लाकडी डेक. दुसऱ्या कुणाचा हात कॅम्परला लागलेला त्यांना खपत नसे. यंदा नीलाची कढई नीट बसावी म्हणून मोठी शेगडी आणली होती. गॅसचा अलार्म मात्र पहिल्याच वर्षी काढून टाकलेला, कारण फोडणी पडली की तो बोंब ठोकायचा. "काढा ते रडगाणं," असं नीलाच म्हणाली होती. आता ते आठवून तिला स्वतःचाच राग आला.

तिने हिंगाची डबी उघडली. "डोळे मिटा. हे काय आहे?"

"पोरखेळ आहे का?"

"मिटा हो!"

मोरेश्वरांनी डोळे मिटून दोनदा जोरात श्वास ओढला. "जिरं?"

नीलाने डबीचं झाकण लावलं. तिला हसूही येईना आणि रडूही.

"कधीपासून?"

"जानेवारीत तो ताप आला होता ना, तेव्हापासून. येईल परत, असं वाटलं."

"आणि मी रोज विचारतेय, आमटी कशी झालीय! तुम्ही आपले झकास, झकास!"

"चांगलीच होत असणार ना. चाळीस वर्षांत कधी बिघडलीय?"

एरवी ती या बोलण्याने विरघळली असती. पण तीन आठवड्यांनी ती सावनीकडे, सनीव्हेलला जाणार होती. मुलीचं पहिलं बाळंतपण, म्हणजे सहा आठवडे तरी जाणारच. तोवर हे इथे एकटे, या डब्यात, या शेगडीबरोबर.

"साबणाचं पाणी लावून चेक केलं होतं मी," मोरेश्वर म्हणाले.

"मग?"

"एखादा जॉइंट राहिला असेल."

राहिला असेल! हे शब्द त्यांच्या तोंडून तिने पूर्वी कधी ऐकले नव्हते. तिला जास्तच भीती वाटली.

"मी तिकीट कॅन्सल करते."

"वेडी आहेस का? पोरीला काय सांगशील?"

"खरं ते सांगेन."

मोरेश्वर बाहेर जाऊन डेकच्या पायरीवर बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि कॅम्पग्राउंडच्या दुरुस्तीवाल्याला, रॉयला, बोलावलं.

रॉय वीस मिनिटांत आला. गुडघ्यांवर बसून त्याने शेगडीखाली डोकं घातलं. नट पाव फेराच सैल होता. बाकी फिटिंग फर्स्ट क्लास आहे, असं तो म्हणाला. मोरेश्वरांनी त्याला नवा अलार्मही बसवायला सांगितला.

"मला वास येत नाही," ते रॉयला इंग्रजीत म्हणाले, एखाद्या सुट्या भागाचं नाव सांगावं तसं. "माझी बायको सहा आठवडे नसेल. रोज संध्याकाळी एक चक्कर मारशील?"

"शुअर," रॉय म्हणाला. "जरा टॉर्च धरता?"

मोरेश्वर वाकले आणि त्यांनी टॉर्च धरला. त्यांना दुसऱ्याच्या हाताखाली बघून नीलाला तिथे उभं राहवेना, पण ती हललीही नाही.

नट घट्ट झाला. रॉयने तिला बाहेर जाऊन सिलिंडर उघडायला सांगितलं. ती परत आल्यावर त्याने सवयीने मोरेश्वरांनाच विचारलं, "एनी स्मेल?"

मोरेश्वर बाजूला सरले.

"नीला, बघ गं जरा."

ती खाली वाकली. जॉइंटपाशी नाक नेऊन तिने सावकाश श्वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला.

"नाही येत."

"शी सेज नो," मोरेश्वरांनी रॉयला सांगितलं.