नेकनूरला गेलेली वल्ली गोणी

मित्रांनो, मी एक जुनी तागाची गोणी हाय. पण मी नेमकी कशासाठी हाय, ते मला आजून कळंना.

जल्मले मी ज्वारीसाठी. चकलांब्याच्या बायनाबाईच्या घरात लई वर्सं भिताडाला टेकून उभी राह्यले. तवा मला मान होता. थेंब पडला तरी बायनाबाई वरडायची, "आरं, गोणी उचला, दाणे कुजतेल!" मंग प्लास्टिकच्या गोण्या आल्या आन मी दारातलं पायपुसणं झाले.

ह्या साली तिची लेक सुनिता, नेकनूरला दिलेली, पोटुशी राह्यली. घास घेतला की उलटी. वाळून काडी झाली. फोनवर म्हणली, "आई, नदीचे खेकडे खाऊ वाटतेत गं. बाकी कशाचा वासच नको."

बायनाबाईचा नवरा नाथा खेकडे घेऊन गेला. बादली काठोकाठ पाण्यानं भरली, वरून गच्च झाकण. आमच्या मुलखात पाणी पाजलं म्हंजी जीव वाचला, येवढंच म्हाईत. नेकनूरला झाकण काढलं तर समदे मेलेले. मेलेला खेकडा कोण खातंय? उकिरड्यावर गेले. सुनिता तशीच उपाशी झोपली.

दुसऱ्या खेपंला बायनाबाईनं मला उचललं आन रांजणात बुचकळलं. म्या म्हणलं, बाई येडी झाली का? जिनं जल्मभर मला थेंब लागू दिला न्हाई, तीच! मंग मला निथळू दिलं, पोटात वल्ला पाला घातला आन वर जित्ते खेकडे. नांग्या टोचायला लागल्या.

नवरा-बायको दोघं मला घिऊन एसटीत बसले. मी जाग्यावर हालताना बघून कंडक्टर म्हणला, "मावशी, ह्यात काय हाय?"

"भाजी हाय."

"भाजी चालती व्हय?"

समदी गाडी हासली.

बीडच्या स्टँडवर नेकनूरची गाडी लवकर लागंना. उन्हात मी सुकले. आतली वळवळ थांबली. नाथा घाबरा झाला. "पाण्यातला जीव हाय. बुडीव की गोणी त्या टाकीत!"

"मागं बुडीवले न्हवं तुमी? नदीचं पाणी व्हातं आसतंय. कोंडलेल्या पाण्यात त्यांचा दम घुटतो."

"म्हंजी पाण्यात मरतेत आन पाण्याबिगर जगतेत? काय बी सांगती!"

"वल्ल्या अंगानं जगतेत. गुमान सावलीला चला."

सावलीत तिनं माझ्यावर पाणी शिंपडलं, बुडाला साचू दिलं न्हाई. जराशानं आतून कुणीतरी माझा धागाच धरला, कचकन. दुखलं. पण लई ब्येस वाटलं. कावून, ते इचारू नका.

नेकनूरला गाठ सोडली. समदे जित्ते! सुनिता हासली. आन त्याच सांजंला ते पातेल्यात गेले.

मित्रांनो, येवढं जिवापाड जपलं ते ह्याच्यासाठी? दारामागं पडल्या पडल्या माझं डोकंच चालंना. तेवढ्यात चुलीपाशी सुनिता बोलली, "आई, आजून आर्धी भाकर दे." बायनाबाईनं पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी उलटी झाली न्हाई.

रडावं का हासावं, मला आजून समजंना. पण येक सांगते. कुणाचा जीव जपायचा आसंल तर आपल्याला काय पायजी ते देऊ नका, त्याला काय पायजी ते बघा. आन माझ्यासारखी फाटकी गोणी फेकू नका, टाका घालून ठिवा.

आता मी चकलांब्याला दोरीवर वाळत हाय. मगाशी सुनिताचा फोन आलता. बायनाबाईनं माझ्याकडं बघितलं, मंग रांजणाकडं. वाळू देती का परत बुचकळती, तिलाच ठावं.