सत्काराचा टॉवेल

बेडकीचं अंडं आपल्या मनानं पिकत नाही. शरीरातून संप्रेरकाचा सांगावा आला, की मगच त्याच्या काळ्या अंगावर पांढरा ठिपका उमटतो. ठिपका आला, की अंडं फळायला तयार. नाही आला, तर ते अंडं वाया. रंगाईच्या कारखान्यामागच्या ओढ्याचं पाणी हा सांगावा अडवतं का, एवढंच महेश्वरीला पीएचडीसाठी शोधायचं होतं.

प्रयोगशाळेत पाळलेल्या बेडक्यांची अंडी तिनं दोन बशांत ठेवली. एकीत ओढ्याचं पाणी, दुसरीत शुद्ध. संप्रेरक दोन्हीत सारखंच. सकाळी बघते तर ठिपका एकीतही नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

तिचे मार्गदर्शक बिराजदार सर खूश. "दोन्हीकडं सारखंच ना? मग लिही, ओढ्याच्या पाण्यानं फरक पडत नाही. विभागाच्या कार्यक्रमात तेच वाच."

"सर, शुद्ध पाण्यातली अंडी पिकायलाच पाहिजेत. प्रयोगच बिघडलाय."

"पीएचडीवर सही कुणाची लागते गं?"

कारखान्याचा मालक विभागाच्या प्रत्येक कार्यक्रमाला पाहुणा असे. सोलापुरात सत्कार म्हणजे टॉवेल-टोपी, आणि टॉवेल त्याच्याच कारखान्यात रंगवलेले, लालभडक. घरात मावेनात म्हणून सर ते प्रयोगशाळेत आणून टाकत. फुकटचं कोण सोडतंय?

दुपारी सांगोल्याची सोनाली भांडी पुसत होती. तीही सरांकडंच शिकणारी. एकदम ओरडली, "अगं, बोटं बघ माजी! मेंदी लावल्यागत झाली. लई रंग जातोय की ह्या टॉवेलचा!"

महेश्वरीनं बोटं बघितली, मग हातातली बशी. "सोने, बशा कशानं पुसतेस?"

"ह्यानंच की. तू काय पदरानं पुसतीस व्हय?"

महेश्वरीला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तीसुद्धा त्यानंच पुसत होती. ओढ्यातला रंग तिनंच शुद्ध पाण्याच्या बशीत नेऊन घातला होता.

तिनं नव्या काचेच्या तीन बशा घेतल्या. पहिली उन्हात वाळवली, दुसरी टॉवेलनं पुसली. दोन्हींत शुद्ध पाणी. तिसरीही उन्हात वाळवलेली, पण तिच्यात ओढ्याचं. संप्रेरक तिन्हींत सारखंच. सकाळी पहिल्या बशीतल्या अंड्यांवर पांढरे ठिपके होते. बाकी दोन्हींत काळंच काळं.

सरांना तिनं काही सांगितलं नाही. सोनाली म्हणाली, "सर सही करनार न्हाईत बग."

"ठाऊक हाय."

कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणा पुढच्या रांगेत होता. महेश्वरीनं पडद्यावर तिन्ही बशांचे फोटो लावले आणि सांगितलं, "ही उन्हात वाळवलेली. ही टॉवेलनं पुसलेली. हे ओढ्याचं पाणी." टॉवेल कुणाचा, ते सांगावं लागलं नाही. टेबलावर सत्काराच्या लाल टॉवेलांची थप्पी रचलेलीच होती. सरांनी मान वर केली नाही.

पण रीत ती रीत. सूत्रसंचालकानं कागदावर होतं तसंच पुकारलं, आणि पाहुण्याला वक्त्याच्या सत्काराला उठावं लागलं. लाल टॉवेल हातात घेऊन तो नुसता उभा राहिला.

महेश्वरीनंच हात पुढं केला. "द्या की. पुढच्या प्रयोगाला लागंल."