तीन विद्यापीठांची सरासरी

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, मित्रांनो. माझ्या बटणांवरचे आकडे पुसट झाले आहेत, पण माझे उत्तर आजवर एकदाही चुकलेले नाही. हे आधीच सांगतो, कारण माझ्यावर आळ आला आहे.

बावीस वर्षे मी एका महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात काढली. तिथले मोठे कारकून कामे अशी हातावेगळी करत, की सगळे त्यांना झटपटराव म्हणत. "हा आहे म्हणून यादी वेळेवर लागते," असे ते माझ्याबद्दल सांगत. माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

एका वर्षी एका परिचारिकेचा अर्ज आला. नवऱ्याच्या बदल्यांमुळे ती तीन विद्यापीठांत शिकली होती. पहिल्या ठिकाणी एकच सत्र. तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून सरासरी दहापैकी अवघी पाच. दुसरीकडे तीन सत्रे, सरासरी आठ. तिसरीकडे दोन सत्रे, साडेआठ. प्रवेशाला साडेसात हवे होते.

झटपटरावांनी पाच, आठ आणि साडेआठ मिळवले, तीनने भागले. मी सात पॉइंट सतरा दाखवले. अर्ज नामंजूर झाला.

यादी लागल्यावर ती सासूबाईंना घेऊन आली.

"साहेब, एका सत्राला तीन सत्रांइतकंच वजन कसं दिलंत? सहाही सत्रं धरा ना."

"घर, ड्युटी सांभाळून शिकलीय हो सून," सासूबाई म्हणाल्या. "परत एकदा बघा."

झटपटरावांनी सहाही सत्रे धरून पुन्हा बटणे दाबली. सात पॉइंट सदुसष्ट. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"जागा भरल्या, बाई. पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही."

आवाज ऐकून प्राचार्य बाहेर आले. झटपटरावांनी माझ्याकडे बोट दाखवले. "मशीन जुनं झालंय, सर. आकडे खातं."

"मग बदला की!" प्राचार्य म्हणाले आणि आत गेले.

सासूबाईंनी सुनेच्या हातातले कागद घेतले, नीट पिशवीत ठेवले आणि म्हणाल्या, "चल, बाळ." त्याच संध्याकाळी माझी रवानगी भंगाराच्या कपाटात झाली.

मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करत नाही. कुणाच्या कष्टांची वर्षे तुमच्या हाती आली, तर मोजण्याआधी कागद पूर्ण वाचा. चुकलात, तर "माझं चुकलं" एवढे तरी म्हणा. तिला त्या दिवशी तेवढेही कुणी म्हटले नाही.