हॅमनच्या गळ्यातला पाव

मी हॅमन पाववाल्याच्या भट्टीतला पाव बोलतोय. भट्टीवरच्या खिळ्याला टांगलेला, दगडासारखा कडक झालेला तो मीच. उंदरांनीही माझा नाद सोडलाय.

जन्मलो तेव्हा वजनात चोख होतो. हॅमन प्रत्येक गोळा तोलूनच भट्टीत घाली. पाव वजनात कमी भरला तर शिक्षा, असा राजाचा कायदाच होता. त्या दिवशी मॉड आली नाही. ती त्याच्याकडून डझनावारी पाव नेऊन दारोदार विकायची. तिची पोरगी तापाने फणफणली होती. "तिचे बारा कुणाला देऊ नकोस. बिचारीच्या पोटावर पाय यायचा," हॅमन बायकोला म्हणाला आणि आम्हाला फडक्याखाली झाकून ठेवलं.

तीन दिवस आम्ही भट्टीच्या उबेला सुकत राहिलो. चौथ्या दिवशी मॉड टोपली घेऊन आली आणि तिच्या पाठोपाठ राजाचा तपासनीस तराजू घेऊन. त्याने नेमका मलाच उचलला. माझं पारडं वर गेलं.

"साहेब, पीठ पुरेपूर घातलंय, नुसता सुकलाय तो! हिच्यासाठीच ठेवला होता. विचारा की हिला!" हॅमन काकुळतीला आला.

मॉडचा पाव विकायचा परवाना त्याच तपासनिसाच्या हातात होता. "मला काय ठाऊक, साहेब? मी आपली देतील ते नेते," ती म्हणाली.

मला दोरीत ओवून हॅमनच्या गळ्यात बांधलं आणि घोड्यामागे बांधलेल्या काटक्यांच्या तट्ट्यावर घालून त्याला गावभर फरफटवलं. "गरिबाच्या घासातलं खातोस काय रे, चोरा!" लोक चिखल फेकत होते. त्याचं काळीज माझ्या पाठीशी धडधडत होतं. माझ्यात कमी होतं ते पाणी, आणि गेली त्याची अब्रू!

त्यानंतर हॅमनने मला भट्टीवरच्या खिळ्याला टांगलं. तो बारा पाव मोजायचा, मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि तेरावा टाकायचा. एखादा हलका निघालाच तर तो भरून काढील, एवढाच त्याचा हिशेब. हळूहळू गल्लीतले सगळेच पाववाले धास्तीने तेच करू लागले.

पहिला तेरावा पडला तो मॉडच्याच टोपलीत. "देवमाणूस हो आमचा हॅमनदादा! मन केवढं मोठं!" ती गल्लीभर सांगत सुटली. हॅमनने मान खाली घालून कणीक मळायला घेतली.

आता हॅमन नाही. त्याची सून बारावर एक देते. का देतात, ते तिलाही ठाऊक नाही. गिऱ्हाइकं मात्र तिच्या दानतीची तारीफ करतात, तेव्हा माझ्या अंगाची लाहीलाही होते.

घ्या बाबांनो, तेरावा जरूर घ्या. फक्त त्याला दानत म्हणू नका. त्या दिवशी एक बाई खरं बोलली असती, तर बारा पुरले असते.