नमनातलं एक नाव

या, सतरंजीवर जरा पुढे सरका. आज पुराणातली नाही, इथल्याच नानाखेड्याच्या वासंतीताईंची गोष्ट सांगते. ऐकून हात आपोआप जुळतील.

वासंतीताईंनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर टेकवलेलं पेन पुन्हा उचललं.

“पोटात काही ठेवायचं नाही. उघडा, सोडवा, शिवा. बस.”

कीर्तनाच्या नमनात सातही गुरूंची नावं एका दमात घ्यायची त्यांची ख्याती. पण चार वर्षांपूर्वी पोटाचं ऑपरेशन झालं, आतली जखम भरताना आतडी एकमेकांना चिकटली, आणि आता तिसऱ्या नावाशीच कळ यायची.

“सोडवली तरी पुन्हा चिकटू शकतात, ताई,” डॉक्टर ऋता म्हणाल्या. “म्हणून मधे एक पातळ पापुद्रा ठेवायचा. महिन्याभरात तो विरून जातो. हमी नाही देत, पण धोका कमी होतो.”

“विरूनच जाणार, तर उपयोग काय त्याचा?”

सलाईन लावणारी नर्स दुर्गा हसली. “काकी, उशाशी भेरूगढ़ की साड़ी रखी है और ये पूछती हो?”

दुर्गाची आई भेरूगढ़ला, म्हणजे भैरवगढ़ला, छपाईच्या कापडावर मेणाने नक्षी काढायची. मेण असेल तिथे रंग शिरत नाही. रंग बसला की कापड उकळत्या पाण्यात जातं, मेण निघून जातं.

“फिर अम्मा का काम दिखता ही नहीं था. लोग बोलते, वाह, क्या रंग चढ़ाया है!”

वासंतीताईंनी साडीची घडी उलगडली. लाल रंगातल्या पांढऱ्या वेलीवरून बोट फिरवलं. तिथे काहीच लावलेलं नव्हतं, आणि वेल तर होती.

“नाव काय गं तुझ्या आईचं?”

दुर्गाने सांगितलं. वासंतीताईंनी सही केली.

ऑपरेशननंतर रामनवमीला त्या कीर्तनाला उभ्या राहिल्या, तीच साडी नेसून. पेटीवर त्यांचे यजमान, सुहासराव. तिसरं नाव आलं तशी त्यांची बोटं सवयीने थबकली. पण वासंतीताई थांबल्या नाहीत. चौथं, पाचवं, सहावं, सातवं. डावा हात पोटावर, डोळे मिटलेले. आणि त्याच श्वासात आठवं नाव: गेंदाबाई.

मागच्या रांगेत दुर्गाची टाळी अर्ध्यातच राहिली.

“ही कोण हो गेंदाबाई? कुठल्या संत?” बायका एकमेकींना विचारू लागल्या.

तुम्हाला ठाऊक आहे. तिची तेवढी आठवण असू द्या.