खाकी कोपऱ्यांची गोधडी

मी एक जुनी गोधडी आहे. मित्रांनो, माझा रंग केव्हाच विटला, पण माझे चारही कोपरे अजून खणखणीत आहेत. ते मला कसे मिळाले, तेवढं ऐका.

मला एका आईने शिवलं. बाळ पोटात असताना तिने आपले जुने सुती कपडे उसवले, थरावर थर घातले आणि बारीक धावदोऱ्याने मला भरून काढलं. माझे टाके बघून शेजारणी तोंडात बोटं घालत आणि मी मनातल्या मनात फुगत असे. मग मुलगी झाली आणि माझ्यात गुंडाळली गेली.

मुलगी सहा वर्षांची असताना आई आजारपणात गेली. तिच्या हातचं असं घरात मीच उरले. मुलगी मला रोज डोक्यावरून ओढून घेई. पण मुली वाढतात आणि गोधड्या तेवढ्याच राहतात. अकराव्या वर्षी तिच्या पोटऱ्या माझ्याबाहेर येऊ लागल्या.

तिचे बाबा घड्याळं दुरुस्त करत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बसमधल्या एका कंडक्टरबाईशी लग्न केलं होतं. मुलगी तिच्याशी कामापुरतं बोले, तेही हाक न मारता. एका सकाळी बाबा म्हणाले, "अगं, किती मुटकुळं करून झोपशील? माळ्यावर टाकू हिला. नवीन आणू."

मुलीने मला छातीशी घट्ट धरलं. माळ्यावर गेलेली वस्तू सहसा खाली येत नाही.

"नको बाबा! मी काठ लावून मोठी करते हिला."

एक जुना हिरवा पडदा सापडला. मुलीने मला जमिनीवर पसरलं आणि माझ्या कडेला मापाची टेप लावली. कंडक्टरबाई दारात बूट काढत होती.

"कडेने मापू नकोस गं. ओढून ओढून कड ताणलेली असते. मधोमध माप."

"मला येतं," मुलगी फणकारली. बाई आत गेल्यावर मात्र तिने गुपचूप मधोमध माप घेतलं.

तिने लांबीच्या दोन पट्ट्या कापल्या आणि रुंदीच्या दोन. लांबीच्या शिवून झाल्या. वरची लावायला घेतली, तर दोन्ही टोकांना वीत-वीत कमी! बाजूच्या काठांनी माझी रुंदी वाढली होती, ती तिने धरलीच नव्हती. खालची पट्टीही तशीच. चारही कोपरे रिकामे, आणि पडदा तर संपलेला.

"आईची गोधडी मी बिघडवली," म्हणत ती माझ्यात तोंड खुपसून रडली.

बाई जवळ येऊन बसली. "काही बिघडलं नाही. कोपऱ्यांत चार चौकोन बसवायचे. कापड तुला आवडेल ते घे."

मुलीने सगळं घर धुंडाळलं. आईच्या कापडाची चिंधीसुद्धा उरली नव्हती. शेवटी ती खुंटीपाशी थांबली. तिथे बाईचा कामावरचा जुना शर्ट लटकत होता. तिने त्याची बाही चाचपून बघितली.

"मावशी, हा घेऊ?"

ही पहिली हाक होती. बाईने शर्ट खुंटीवरून काढून हातात घेतला. मग म्हणाली, "खाकी आहे गं तो. मेळ नाही बसणार."

"नसू दे."

दोघींनी मिळून चौकोन शिवले. बाईचे टाके ढोबळ, वेडेवाकडे. खोटं कशाला बोलू, मी नाक मुरडलं होतं.

पुढे मुलगी नोकरीला दुसऱ्या गावी गेली, तिथे मला घेऊन गेली. मधली काही वर्षं मी इस्त्रीच्या टेबलावर काढली. पाठीवर जळका डाग अजून आहे. आता पुन्हा पलंगावर आले आहे. आईचं कापड झिरझिरीत झालंय. ढोबळ टाक्यांचा एक दोराही सुटलेला नाही.

म्हणून सांगते मित्रांनो, मला वाळत घालताना मधे धरून खेचू नका. तिथे आई आहे, तिला आता ओढ सोसत नाही. माझे कोपरे धरा. इतकी वर्षं माझा आणि आईचा भार मावशीनेच पेललाय.