खास निवड

पत्र जाड कागदाचं होतं, कडेला सोनेरी पट्टी. 'आपली खास निवड झाली आहे. निबंध नको, अर्जाचं शुल्क नको. दहा दिवसांत खालच्या अर्जावर सही करा, प्रवेश पक्का.' त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात आणखी एक ओळ होती: सही केल्यावर दुसऱ्या कोणत्याही कॉलेजात अर्ज करता येणार नाही.

लेकीने या कॉलेजला कधी साधी चिठ्ठीसुद्धा पाठवली नव्हती. तरी घरात आनंदीआनंद! मोठ्या काकांना तर आकाश ठेंगणं झालं. "पाहिलंत? हिऱ्याची पारख असणारी माणसं असतात अजून!" असं ते दारावरून जाणाऱ्यालाही थांबवून सांगत होते.

आई मात्र हुरळली नाही. टपाल कचेरीत पत्रं वेगळी करायच्या टेबलावर तिची एकोणीस वर्षं गेली होती. सोमवारी सकाळी तिने याच सोनेरी पट्टीच्या पत्रांची तीन पोती रिकामी केली, आणि त्यांतलाच एक लिफाफा तिच्या घरच्या पत्त्याचा निघाला. पण टेबलावर दिसलेलं घरी बोलायचं नाही, हा तिथला नियम. मागे शेजारीण मुलाच्या नोकरीच्या पत्राची बातमी घेऊन धावत आली, तेव्हाही ते पत्र आधीच टेबलावर पाहिलेलं असून हिने नव्यानेच ऐकल्यासारखं "अगंबाई!" म्हटलं होतं.

तिचा जीव जळत होता तो वेगळ्याच गोष्टीने. लेकीला पूल बांधायला शिकायचं होतं. ते जिथे मनापासून शिकवतात, त्या कॉलेजला 'तुम्हाला हेच का शिकायचं आहे' यावर दोन पानं हवी होती. पोरगी महिनाभर त्या दोन पानांशी झगडत होती. पत्र आलं आणि तिने लिहिलेलं सगळं बाजूला सारलं.

"आता कशाला डोकेफोड, आई? हे तर आपणहून बोलावतायत."

मग काकांनी उत्साहाच्या भरात घोळ घातला. पत्राला डाग पडू नये म्हणून ते बाजारातून लॅमिनेट करून आणलं, खालच्या अर्जासकट. लेक सही करायला बसली, तर पेन प्लास्टिकवरून नुसता घसरायला लागला. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"नवा अर्ज मागवू, त्यात काय! लाव फोन," ते म्हणाले.

"लाव," आई म्हणाली. "स्पीकरवर ठेव. आणि तुझ्यातलं काय आवडलं, तेवढं विचार."

"उगाच फाटे कशाला फोडायचे?" काका कुरकुरले.

फोनवरचा माणूस साखरेत घोळून बोलत होता. लेकीने विचारलं, तसा तो जरा अडखळला.

"तुमची जिद्द, मॅडम. नेतृत्वगुण. पत्राच्या कोपऱ्यातला नंबर सांगता?"

तिने सांगितला. पलीकडे बटणं खडखडली.

"हां, सापडलात! तुमची संगीतातली गती आम्हाला फार भावली."

लेकीला सूर कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. काकांनी मान खाली घातली. पोरीचे कान लालबुंद झाले, आणि आईला स्वतःचाच राग आला. आठवडाभर फुललेला तो चेहरा तिनेच कोमेजवला होता.

"अर्ज पाठवतो, मॅडम. पण परवापर्यंत सही आली नाही, तर जागा जाईल."

"जाऊ दे," लेक म्हणाली. "पाठवू नका."

तिने फोन ठेवला. काका घाबरले.

"अगं, हातचं घालवलंस! आणि त्या पूलवाल्यांनी नाही म्हटलं तर?"

"म्हणू देत." तिने बाजूला सारलेली पानं पुन्हा पुढ्यात ओढली. "ते नाही म्हणाले, तर मला वाचून म्हणतील, काका. यांनी न वाचताच हो म्हटलंय."